लीगल टेक कंपनीकडून काय घ्यावं? सुरुवात तारखांपासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीतल्या एका नागरी सहकारी बँकेच्या विधी अधिकारी मॅडम विचारतात: बँकेची साधारण साडेसहाशे प्रकरणं चालू आहेत, पॅनलवर अकरा वकील आहेत. तीन लीगल टेक कंपन्या डेमो देऊन गेल्या. एक म्हणते, सगळे खटले आपोआप स्क्रीनवर दिसतील. दुसरी म्हणते, करार आमच्यावर सोडा. तिसरी एआयकडून नोटिसा आणि अर्ज लिहून देणार आहे. पॅनलवरच्या सर्वांत ज्येष्ठ वकिलांनाही त्यांच्या ऑफिससाठी काहीतरी हवं आहे. दोघांना एकच सॉफ्टवेअर चालेल का, आणि सुरुवात कुठून करावी?

मॅडम, एकच चालणार नाही. आणि सुरुवात तारखांपासून करा. करार, एआय हे सगळं त्यानंतर.

माझं सांगतो, म्हणजे हे कुठून बोलतोय ते कळेल. पुण्यात शिवाजीनगर कोर्टात चार वर्षं ज्युनियर म्हणून काढली. तारखा घेणं, नकलांसाठी अर्ज देणं, सिनियर दुसऱ्या कोर्टात असले की पुकाऱ्याला उभं राहणं, हे सगळं केलं. त्यानंतरची चौदा वर्षं वकिलांची ऑफिसं, बँका आणि कारखान्यांचे विधी विभाग यांच्याकडे सॉफ्टवेअर बसवण्यात गेली. विक्रीचं काम मी कधी केलं नाही. सॉफ्टवेअर विकल्यानंतर जे घडतं, ते निस्तरणं हे माझं काम.

वकिलाचं ऑफिस आणि विधी विभाग बाहेरून सारखे दिसतात. दोन्हीकडे फायली आणि तारखाच. पण वकील कोर्टात जातो, तुम्ही जात नाही. वकिलाला आज रात्री कळायला हवं की उद्या कोणत्या कोर्टात, बोर्डावर (त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत) कितव्या नंबरला, कोणत्या टप्प्यावर आपलं प्रकरण आहे आणि ज्युनियरला कुठे पाठवायचं. तुम्हाला कळायला हवं की काल काय झालं, पुढे काय करायचं ठरलं, आणि संचालक मंडळाने विचारलं तर या थकबाकीदाराविरुद्ध आपण नक्की कुठे उभे आहोत. त्यांचा प्रश्न उद्याचा आहे आणि तुमचा साडेसहाशे प्रकरणांचा एकत्र. म्हणून एकाच कंपनीने दोन्हीकडे तोच माल खपवला की दोघांपैकी एकाकडे तो धूळ खात पडतो.

परदेशी धर्तीवर बनलेल्या उत्पादनांत आणखी एक गोम असते. त्यांचा कणा तासांच्या बिलावर उभा असतो. कोणी किती मिनिटं कशावर घालवली याची नोंद, त्यावरून बिल. मुंबईतल्या मोठ्या फर्म्समध्ये हे अगदी बरोबर बसतं, कारण तिथे बिलं तासावरच होतात. सांगली, सातारा, सोलापूरचा वकील प्रकरणावर किंवा टप्प्यावर फी घेतो: दावा दाखल करताना इतकी, पुराव्याला इतकी, युक्तिवादाला इतकी. त्याला टाइमशीट देऊन उपयोग नाही. त्याला हवी असते कोणत्या पक्षकाराकडून किती येणं बाकी आहे याची साधी यादी. ज्येष्ठ वकीलसाहेबांना माझ्यातर्फे एवढंच सांगा: आधी ई-कोर्ट्सचं सरकारी मोफत ॲप घ्या, ज्युनियरला बसवून सगळे सीएनआर नंबर (कोर्टाने प्रत्येक प्रकरणाला दिलेले ओळख क्रमांक) त्यात भरा आणि तीन महिने वापरा. त्यात जे कमी पडेल तेवढ्यासाठीच पैसे मोजा. बहुतेक वेळा कमी पडतात त्या दोन गोष्टी: फायलींचं स्कॅनिंग आणि रोज संध्याकाळी उद्याच्या बोर्डाचा एक मेसेज. त्यासाठी लाखांचं सॉफ्टवेअर लागत नाही.

आता तुमच्या साडेसहाशे प्रकरणांकडे येतो.

जिल्हा आणि तालुका कोर्टातल्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर असतो. आधी राज्याची दोन अक्षरं, मग जिल्ह्याची दोन, मग कोर्टाचे दोन अंक, सहा अंकी क्रमांक आणि शेवटी वर्ष. पुणे जिल्ह्याचा नंबर असेल तर सुरुवात एमएच पीयू अशी. हा नंबर हातात असला की पुढची तारीख, टप्पा, आधीच्या तारखा, अपलोड झालेले हुकूम हे सगळं मिळतं. कंपन्या जे ‘आपोआप’ म्हणतात ते एवढंच: त्यांचा संगणक रोज हे सीएनआर तपासतो आणि बदल तुमच्या स्क्रीनवर आणतो. हे काम खरोखर उपयोगाचं आहे. अडचण आहे ती त्याच्या आधीच्या पायरीवर, कारण तुमच्या नोंदवहीत सीएनआर नसतो. तिथे असतं ‘रे. दि. दावा 214/2016’, म्हणजे रेग्युलर दिवाणी दावा, आणि थकबाकीदाराचं नाव. जुन्या नोंदीत कधी कधी तेही अर्धवट.

एका बँकेत मी आणि तिथले एक कारकून आठ दिवस हेच करत बसलो होतो. पक्षकाराच्या नावाने शोध घ्यायचा. बँकेचं नाव कोर्टाच्या नोंदीत एका ठिकाणी ‘सहकारी बँक लि.’, एका ठिकाणी ‘को-ऑप. बँक लिमिटेड’, एका ठिकाणी ‘शाखाधिकारी’ आणि पुढे नुसतं गावाचं नाव. इंग्रजीत टाइप करताना प्रत्येक लिपिकाने आपापलं स्पेलिंग केलेलं. पाटील, कदम, जाधव ही आडनावं टाकली की पडदा भरून जायचा. चौथ्या दिवशी त्या कारकुनांनी ‘मॅनेजर’ एवढाच शब्द टाकून पाहिला, आणि बँकेला माहीतच नसलेली सात प्रकरणं बाहेर आली. त्यांत एका जामीनदाराने बँकेविरुद्ध केलेला मनाई हुकुमाचा दावा होता. निशाणी 5 च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जावर बँकेतर्फे कोणी ‘से’ (लेखी म्हणणं) दिलेला नव्हता आणि अंतरिम मनाई कायम होऊन बसली होती. समन्स गेलं होतं बंद झालेल्या शाखेच्या पत्त्यावर. तो शोध कोणतंही यंत्र आठ दिवसांच्या आत लावू शकलं नसतं, कारण ‘मॅनेजर’ टाकून पाहावं हे सुचायला त्या कारकुनांची बावीस वर्षांची नोकरी लागली. म्हणून पहिली अट ही ठेवा: जुना डेटा शोधून, जुळवून भरणं हे कंपनीच्या करारात लिहिलेलं हवं, त्याचं वेगळं बिल आधी ठरलेलं हवं, आणि तुमचा एक जाणता माणूस त्या कामाला मोकळा हवा.

‘सगळे खटले आपोआप दिसतील’ यातल्या ‘सगळे’ या शब्दावर थांबा. सहकारी बँकेची वसुली ई-कोर्ट्सच्या बाहेरच जास्त चालते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 चे वसुली दाखले निबंधकांच्या कार्यालयातून निघतात आणि पुढची वसुली कलम 156 खाली विशेष वसुली अधिकारी करतात. सरफेसी कायदा (थकलेल्या कर्जाचं तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार देणारा) सहकारी बँकांना लागू आहे हे घटनापीठाने 5 मे 2020 रोजी, मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात, कायम केलं. त्यामुळे त्या कायद्याच्या कलम 14 चे, तारणाचा ताबा मागणारे, तुमचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांपुढे पडलेले असतील, काही प्रकरणं डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात), काही ग्राहक आयोगात. या प्रत्येकाची नोंद ठेवण्याची जागा आणि रीत वेगळी. डेमो देणाऱ्याला सरळ विचारा की कलम 101 चा तुमचा अमुक अर्ज त्यांच्या स्क्रीनवर कसा येणार. प्रामाणिक माणूस सांगेल की तो तुमच्या वसुली अधिकाऱ्याने हाताने भरायचा आहे. तसं असायला हरकत नाही. फक्त मग ते फोनवर दोन मिनिटांत, मराठीत भरता आलं पाहिजे. वसुली अधिकारी गावोगाव फिरत असतात. रात्री ऑफिसात येऊन इंग्रजी फॉर्मचे चाळीस रकाने ते भरणार नाहीत, आणि भरायला लावणंही बरोबर नाही.

उच्च न्यायालयाचं वेगळं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि सांगलीसह सहा जिल्ह्यांचं काम मुंबईहून तिकडे आलं. तुमची रिट आणि अपिलं मुंबईत होती तेव्हा भरलेला तपशील कंपनीने अजून तसाच ठेवला असेल, तर तारीख चुकीच्या बोर्डावर शोधली जाईल. तीनही कंपन्यांना हा प्रश्न जरूर विचारा. ज्यांनी महाराष्ट्रात खरंच काम केलंय त्यांना उत्तर लगेच देता येईल.

मुदतीच्या बाबतीत मात्र मी फार आग्रही आहे, आणि त्याला कारण आहे. मी ज्या कंपनीत होतो तिथल्या एका आवृत्तीत अपिलाची मुदत निकाल संकेतस्थळावर अपलोड झाल्याच्या दिवसापासून मोजली जायची. एका विधी विभागाने त्या लाल-हिरव्या रंगांवर विसंबून जिल्हा न्यायालयातल्या अपिलाचे तीस दिवस मोजले आणि अपील उशिरा गेलं. विलंब माफीचा अर्ज, खर्चाची रक्कम, आणि त्या विभागातल्या एका तरुण अधिकाऱ्याला मिळालेला मेमो. चूक त्याची नव्हती, आमची होती. मी त्याच्या वरिष्ठांपुढे जाऊन तसं सांगितलं. तरी तो मेमो त्याच्या फायलीत राहिलाच.

तेव्हापासून मी प्रत्येक ग्राहकाबरोबर मुदतीचे नियम एकेक करून कागदावर लिहून घेतो. अपील उच्च न्यायालयात असेल तर 90 दिवस, इतर न्यायालयात 30. नक्कल मिळवायला लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे वगळला जातो, म्हणून नकलेचा अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची अशा दोन तारखांना रकाने हवेतच. लवाद निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने आणि वर फार तर तीस दिवस, आणि तीन महिने म्हणजे 90 दिवस नव्हेत, ते पंचांगातले महिने, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच स्पष्ट केलंय. व्यावसायिक दाव्यात समन्स बजावल्यापासून 120 दिवसांत कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) गेली नाही तर ती देण्याचा हक्कच संपतो. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत परक्राम्य संलेख (चेकच्या) कायद्याच्या कलम 138 ची नोटीस, ती मिळाल्यावर देणेकऱ्याला पंधरा दिवस, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात फिर्याद. हे शेवटचं गणित साखळीचं आहे. त्यातली नोटीस मिळाल्याची तारीख पोस्टाच्या पोचपावतीवरून येते, म्हणजे ती पोचपावती कोणीतरी त्याच दिवशी स्कॅन केली तरच पुढचा इशारा बरोबर येणार. चेकच्या प्रकरणांत सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा फायदा इथे आहे. शंभर नोटिसा एका साच्यातून काढणं हे कोणीही करून देईल. शंभर पोचपावत्या शंभर प्रकरणांना त्याच दिवशी जोडून देणारी व्यवस्था मागा.

करारांबद्दल थोडक्यात. तुमच्याकडे करार असतील ते शाखांच्या जागांचे, एटीएमचे, सॉफ्टवेअर पुरवठादारांचे, सुरक्षा रक्षकांचे. शंभर-दीडशे. त्यासाठी मोठी करार-प्रणाली घेऊ नका. नूतनीकरणाची तारीख, नोटीस कालावधी, अनामत रक्कम आणि स्कॅन प्रत एवढं एका ठिकाणी आलं की नव्वद टक्के त्रास संपतो. एक सावधगिरी: तयार नमुन्यांत मुद्रांक शुल्काचे जुने आकडे राहून जातात. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 मध्ये शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचा स्टँप आला, तरी त्यानंतर कित्येक महिने जुन्या आकड्यांचे मसुदे छापून निघताना मी पाहिले आहेत.

आता तिसरी कंपनी, एआयवाली. शोधाच्या बाबतीत वकिलीने यंत्रं फार पूर्वीच स्वीकारली. आमच्या सिनियरांच्या चेंबरमध्ये नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरच्या, म्हणजे एआयआरच्या, 1914 पासूनच्या परंपरेतल्या बांधीव खंडांची भिंत होती. मग मनुपत्र आणि एससीसी ऑनलाइन आलं आणि निवाडा शोधायला पाच मिनिटं पुरू लागली. त्यातला निवाडा खरा असतो, फक्त तो लागू पडतो का ते आपण पाहायचं. नव्या भाषिक एआयमध्ये निवाडा खरा आहे का इथपासून तपासावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली एव्हियांका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले आणि त्यांना 5,000 डॉलर दंड झाला. आपल्याकडेही बंगळूरच्या आयकर अपील न्यायाधिकरणाला डिसेंबर 2024 मधला आपला एक आदेश मागे घ्यावा लागला, कारण त्यात उद्धृत केलेले निवाडे सापडेनात. म्हणून एआयने लिहिलेल्या मसुद्यातला प्रत्येक निवाडा मूळ ठिकाणी उघडून, त्या परिच्छेदावर बोट ठेवून, मगच सही.

आपली खास अडचण मराठीची आहे. राज्यात जिल्हा न्यायालयांपर्यंत मराठीत काम चालतं, उच्च न्यायालयात इंग्रजीत. त्यामुळे अपील वर गेलं की कागदांचं भाषांतर आलंच. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये भाषांतरासाठी सुवास हे साधन आणलं, खासगी कंपन्यांचीही आहेत, आणि दरवर्षी ती सुधारत आहेत. पण जमिनीच्या कागदांवर अजून डोळे मिटून विश्वास टाकू नका. ‘साठेखत’ (पुढे विक्री करण्याचा करार) या शब्दाचं भाषांतर मालाच्या साठ्याचा कागद असं झालेलं मी स्वतः पाहिलंय. साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक म्हणजे मालकी गेली की नाही एवढा मोठा. ‘वहिवाट’ म्हणजे ताबा आणि उपभोग, यंत्राने लिहिलं रूढी. ‘वाटप’ म्हणजे हिश्श्यांची विभागणी, यंत्राने लिहिलं वितरण. कोणत्याही कंपनीला तुमचा एक सातबारा, एक फेरफार, एक साठेखत आणि हाताने लिहिलेला एक जुना जबाब द्या आणि तुमच्यासमोर वाचून घ्या. हस्ताक्षर असेल तर खूप शब्द सुटतील. तरीही मी एआयला बाजूला टाका म्हणत नाही. दीडशे पानांच्या फाइलची कालक्रमानुसार यादी करून घ्या, नोटिसांचे पहिले मसुदे काढून घ्या. या कामांत तुमच्या दोन सहाय्यकांचे आठवड्यातले कित्येक तास वाचतील.

पुराव्याचा मुद्दा डेमोत कोणी काढत नाही, पण तुमच्यासाठी तो मोठा आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात प्रश्न होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओचा. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्र कोर्टापुढे आणलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीला जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब चं प्रमाणपत्र लागतंच. 1 जुलै 2024 पासून ती तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आली. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही, आणि फाइलचं हॅश मूल्य (तिचा डिजिटल ठसा) लिहावं लागतं. उद्या तुम्ही व्हॉट्सॲपने नोटीस पाठवली आणि निळ्या खुणांचा आधार घ्यायचा म्हटलं (मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी 2018 मध्ये अशी बजावणी मान्य केली होती), तर ती नोंद कोणत्या यंत्रावरून निघाली, प्रमाणपत्र कोण देणार, हे आधी ठरलेलं हवं. कंपनी बंद झाली किंवा तुम्ही ती सोडली तर प्रमाणपत्र देणारा कोण, हेही करारात लिहून घ्या.

ऑनलाइन लवादाचंही कोणीतरी तुम्हाला सुचवेल. छोट्या कर्जांसाठी कल्पना चांगली आहे, पण लवाद तुमच्या बाजूनेच एकतर्फी नेमला जात असेल तर त्या वाटेला जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालानंतर, आणि मग नोव्हेंबर 2024 च्या घटनापीठाच्या निकालानंतर, असे निवाडे दरखास्तीत, म्हणजे अंमलबजावणीच्या वेळी, अडकतात.

गोपनीयतेबद्दल एक कळकळीची गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2025 रोजी स्पष्ट केलं की कंपनीच्या पगारी विधी अधिकाऱ्याला पक्षकार आणि वकील यांच्यातल्या गोपनीयतेचं वकिलाइतकं संरक्षण मिळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘शेरा’ म्हणून एक रकाना असतो. सवयीने माणसं तिथे लिहितात, ‘आपली बाजू कमकुवत, मूळ कागद गहाळ’. शाखेपासून मुख्यालयापर्यंत पंचवीस लोक ते वाचतात. तसं काही तिथे लिहू नका. तो मजकूर पॅनल वकिलांच्या लेखी सल्ल्यात असू द्या आणि शेऱ्यात फक्त तारीख, टप्पा, पुढचं काम. कर्जदारांची माहिती कंपनीच्या सर्व्हरवर जाणार असल्याने 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली जबाबदारी बँकेकडेच राहते. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल 250 कोटींपर्यंत आहे. आणि ज्येष्ठ वकीलसाहेबांनी तीच कंपनी घेतली तरी त्यांचा डेटा तुम्हाला आणि तुमचा त्यांना दिसता कामा नये. त्यांचे इतरही पक्षकार आहेत.

बाहेर पडण्याची वाट पहिल्याच दिवशी ठरवा. सगळी प्रकरणं एक्सेलमध्ये, प्रत्येक कागद त्या प्रकरणाच्या नावाच्या फोल्डरमध्ये, तीस दिवसांत, वेगळे पैसे न देता परत मिळतील असं लेखी घ्या. वर्षातून एकदा ते प्रत्यक्ष काढून बघा.

तिघांतून निवड करायची एक सोपी रीत सांगतो. तुमच्या नोंदवहीतली पंचवीस प्रकरणं निवडा: दहा साधी, पाच कलम 101 ची, चार चेकची, तीन ज्यांची नावं चुकीची नोंदलेली आहेत, दोन कोल्हापूर बेंचला गेलेली, एक डीआरटीतलं. तीच यादी सोमवारी तिघांना द्या आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाची पुढची तारीख मागा. शनिवारी पॅनल वकिलांना फोन करून ताडून पाहा. एखाद्याने ‘ही दोन सापडली नाहीत’ असं स्वतःहून लिहून दिलं, तर त्याला बैठकीला बोलवा. आणि यादी करताना नोंदवहीची मागची पानं आधी उघडा, जिथे ‘तारीख नाही’ असा शेरा मारून जुनी प्रकरणं ठेवलेली असतात. पंचविसातली निदान सहा तिथली घ्या.